अडलेल्या लिफ्टच्या गाण्याचे वारस

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर पूर्ण, धंदा पियानो सुरात लावणे (सध्या गुडघ्यांच्या हरकतीमुळे बंद), राहणार स्वतःच्याच घरात, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल माझ्या थोरल्या बहिणीचे मत वेगळे आहे, पण ते तिला विचारण्यात आलेले नाही. मी हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, नशेत लिहीत नाही. कोणी गोड बोलून लिहून घेतले म्हणावे, तर माझ्याशी गोड बोलणारे माणूस गेल्या कित्येक वर्षांत या जिन्याच्या पायऱ्या चढलेले नाही. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. तेही मीच केले होते आणि गेल्या शनिवारपर्यंत ते अगदी बरोबर होते.

वकीलबाईंनी मला बजावले आहे की कोणाला काय द्यायचे एवढेच लिहावे, का ते लिहू नये. "काका, कारणं लिहिली की भांडणं होतात," असे त्या म्हणाल्या. कारणे न लिहिता या कुटुंबात झालेली भांडणे मी त्यांना एकेक करून ऐकवली. तिसऱ्या भांडणाला त्यांनी घड्याळ पाहिले आणि पेन माझ्या हातात दिले.

कलम एक. घर. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याकडची गॅलरी आणि गॅलरीचे न लागणारे दार, हे सर्व माझ्या नातीला. वय तेरा. शाळेच्या दाखल्यावर तिचे नाव वेगळे आहे, पण या घरात तिला पिपाणी म्हणतात, कारण ती जन्मली तेव्हापासून वाजते आहे. मधले दोन महिने सोडून. ती माझ्या एकुलत्या एका मुलीची मुलगी. माझी मुलगी पाच वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या तापात गेली, तेव्हा पिपाणी आठ वर्षांची होती. तिचे वडील, म्हणजे माझे जावई, लिफ्टचे मेकॅनिक आहेत. अडकलेल्या माणसांना सोडवायला त्यांना कधीही बोलावणे येते, म्हणून मुलगी सहा दिवस माझ्याकडे असते आणि रविवारी त्यांच्याकडे. ती सज्ञान होईपर्यंत घराची देखभाल जावयांनी करावी. मी गेल्यावर ती त्यांच्याकडेच राहायला जाईल, हे उघड आहे. त्याच एका गोष्टीसाठी हे मृत्युपत्र मला दोनदा लिहावे लागले.

कलम दोन. बँकेत जे काही उरेल ते पिपाणीच्या शिक्षणाला. शिक्षण कशाला म्हणायचे ते तिने ठरवावे. तिला ड्रमचा संच घ्यायचा असेल तर तेही शिक्षणच आहे, फक्त शेजाऱ्यांचे.

कलम तीन. माझ्या गंभीर संगीताच्या सगळ्या तबकड्या, लाकडी पेटीसकट, माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला. ती आनंदाने घेईल, कारण त्या ऐकण्याची वेळ तिच्यावर कधी आलेली नाही.

माझी मुलगी गेल्यावर आठव्या दिवशी अक्का आली. पिपाणी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आईचा जुना टेपरेकॉर्डर लावत होती. एकच कॅसेट, त्यातले एकच गाणे. ते संपले की मागे फिरवायचे, पुन्हा लावायचे. शाळेतून आल्यावर चारला सुरू, सहाला बंद. एकदा मी मोजले तर एकोणीस वेळा झाले.

"अरे, आई गेलीय पोरीची," अक्का म्हणाली, "आणि ही हे काय लावून बसलीय? तुझ्यासारख्याच्या घरात? चांगलं काहीतरी ऐकव तिला. मन शांत होईल."

इथे कबूल करतो की मला अक्काचे पटले. आयुष्यात दुसऱ्यांदा. मी पिपाणीला बाहेरच्या खोलीत बसवून एक संथ, थोर, भारदस्त रचना लावली. जगभरची मोठी माणसे ती ऐकून दुःखाला सामोरी गेली आहेत. पिपाणी हात मांडीवर ठेवून, खालच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात बसावे तशी बसली. बारा मिनिटांनी तिने विचारले, "आजोबा, हे अजून किती आहे?" मी म्हणालो, अजून तीन भाग आहेत. ती म्हणाली, "मग मी गृहपाठ करू का?"

आता त्या कॅसेटमधल्या गाण्याबद्दल लिहिणे भाग आहे. ते असे:

लिफ्ट अडली, लिफ्ट अडली,
चौथ्या मजल्यावर जोडी घडली!

कवीने यापुढे विचार केलेला नाही. हेच शब्द बावीस वेळा येतात. मागे टाळ्या वाजतात, त्या माणसांच्या नाहीत, यंत्राच्या आहेत. मध्ये एकदा लिफ्ट अडली हे दाखवायला सगळे गाणे चार ठोके गप्प होते आणि मग पुन्हा तोच धिंगाणा. माझी मुलगी कामावरून पिपाणीला न्यायला येई, तेव्हा दोघी याच स्वयंपाकघरात यावर नाचत. गाणे थांबले की दोघींनी जागच्या जागी थिजायचे, आणि तेवढ्यात आईने लेकीचे नाक दाबायचे. मी बाहेर पेपर वाचत बसे आणि अधूनमधून "आवाज कमी करा" असे ओरडे. त्या दिवसांतला माझा सहभाग एवढाच.

कलम चार. बाहेरच्या खोलीतला जाड गालिचा खालच्या दाताच्या डॉक्टरांना. पहिले तीन आठवडे त्यांनी छताला काठीने ठोकून आपले मत कळवले. मग स्वतः वर आले आणि फार सभ्यपणे म्हणाले, "निदान दुसरं एखादं गाणं लावा हो. माझी असिस्टंट आता त्या ठोक्यावर ड्रिल चालवायला लागलीय." मी त्यांना कारण सांगितले. ते खाली गेले आणि काठी पुन्हा वाजली नाही. त्या सज्जन माणसाला मी पाच वर्षांत एकदाही धन्यवाद दिलेले नाहीत. गालिचा त्यांनी छताला लावावा.

कलम पाच. पिपाणीच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंना, त्यांनी दिलेले भावनांचे रंगीत चक्र साभार परत. त्यात 'राग' लाल आहे, 'दुःख' निळे आहे आणि मधोमध बाण आहे. मुलीने रोज बाण फिरवून आज काय वाटते ते सांगायचे होते. पहिल्या दिवशी पिपाणीने बाण काढून घेतला आणि त्याने कॅसेटची सैल झालेली फीत गुंडाळली. चक्राचा या घरात झालेला उपयोग एवढाच, पण झाला हे नाकारत नाही.

कलम सहा. हत्यारे. तारा पिळण्याची किल्ली, लोकरीच्या पट्ट्या, सूर पडताळायचे तीन ट्यूनिंग फोर्क आणि चामड्याची पिशवी हे संगीत शाळेच्या वाद्यदुरुस्ती विभागाला. यातला एक फोर्क वगळून तो मोठ्या सभागृहाच्या व्यवस्थापकांना द्यावा. त्यांनी एकतीस वर्षे मी जपलेला पियानो विकून विजेवरचा आणला, "कारण तो बिघडतच नाही, काका". फोर्क कशासाठी असतो हे त्यांना कोणी सांगू नये.

कलम सात. यात मी काही देत नाही, फक्त कबुली देतो. वकीलबाई म्हणाल्या की असे कलम नसते. आता आहे.

मला अख्ख्या गल्लीत कानसेन म्हणत. वर्गात तीस मुले पियानोवर बडवत असली तरी कोणती पट्टी किंचित उतरली आहे ते मी दारातून सांगत असे. तो टेपरेकॉर्डर संथ चालत असे, हे अर्थातच मला पहिल्या दिवसापासून कळत होते. आतला पट्टा सैल होता, मोटर दमली होती, आणि सगळे गाणे एक पूर्ण पट्टी खाली आणि त्याशिवाय आणखी थोडे ढिले वाजत होते. गाणे भिकार होते ते होतेच, पण बेसूर भिकार. चव्वेचाळीस दिवस मी ते सोसले. पंचेचाळिसाव्या दिवशी पिपाणी शाळेत असताना मी तो उघडला, नवा पट्टा घातला आणि मोटरच्या मागच्या भोकातून बारीक पेचकसाने वेगाचा स्क्रू फिरवून फोर्कशी पडताळून गाणे बरोबर मूळ पट्टीत आणले. मनाशी म्हणालो, ऐकायचेच आहे तर पोरीने निदान सुरात ऐकावे. मला वाटले, मी तिला भेट देतो आहे.

चार वाजता तिने बटण दाबले. पहिल्या ओळीतच ती उभी राहिली.

"ही कोण आहे?"

"कोण म्हणजे? तीच आहे गाणारी. मी यंत्र दुरुस्त केलं."

"ही नाही. ही बाई घाई करते. आजोबा, आईचा आवाज कुठं गेला?"

मला कळेना. मग कळले. त्या गायिकेचा आवाज मुळात कोवळा आणि किरटा. पण यंत्र हळू चालल्यामुळे तो खाली उतरे, थोडा जड होई, थोडा दमल्यासारखा. तो हुबेहूब माझ्या मुलीचा आवाज होता. संध्याकाळी कामावरून येऊन चपला काढता काढता "पिपाणी, जेवलीस का गं?" विचारणारा. शेकडो पियानोंचे आवाज मी दारातून ओळखले आणि पोटच्या पोरीचा आवाज चव्वेचाळीस दिवस माझ्याच स्वयंपाकघरात गात असताना मला फक्त पट्टी उतरलेली ऐकू आली. वर तो मी स्वतःच्या हाताने दुरुस्त करून टाकला. एवढी मोठी चूक करायला माणसाला फार शिक्षण लागते.

मी स्क्रू उलटा फिरवायला बसलो. पण आधी तो कुठे होता याची खूण मी केलेली नव्हती, कारण चुकीच्या जागेची खूण कोण करतो? शेवटी पिपाणी डोळे मिटून टेपरेकॉर्डरसमोर बसली आणि मी तिच्या सांगण्यावरून फिरवत गेलो.

"अजून घाई आहे. अजून. थोडं अजून. आता ती झोपेत बोलतेय, एवढं नको. मागे. मागे."

"आता?"

"आता आहे."

गाणे चार ठोके थांबले, तेव्हा ती थिजली नाही. रडायला लागली. आई गेल्यापासून ती रडली नव्हती. तोवर सगळे मला सांगत होते, किती समजूतदार पोर आहे. ती माझ्या सदऱ्यात तोंड खुपसून गाणे संपून फीत नुसती खरखरू लागेपर्यंत रडली, मग नाक पुसले, कॅसेट मागे फिरवली आणि म्हणाली, "आता नाचू या." मी नाचलो. गुडघ्यांचे वर जे लिहिले आहे त्याची सुरुवात तिथून धरावी.

त्यानंतर तिचे जेवण सुधारले, झोप सुधारली. महिन्याभरात ती दुसरी गाणी लावू लागली, तीही एकाहून एक भिकार, आणि त्यांच्याबरोबर मोठ्याने गाऊ लागली. अक्का अजून म्हणते की काळ हेच औषध. असेल. पण काळ रोज चार ते सहा येऊन बसत नव्हता, गाणे बसत होते. गंभीर संगीत दुःखाचा अर्थ सांगते, पण आठ वर्षांच्या पोरीला अर्थ नको होता. तिला तीन मिनिटे आईजवळ जायचे होते आणि सुखरूप परत यायचे होते, आणि वाटेल तेव्हा पुन्हा जाता येईल याची खात्री हवी होती. तेवढे काम त्या बावीस वेळा अडणाऱ्या लिफ्टने केले. मी जन्मभर त्या जातीच्या गाण्यांना नाके मुरडली. माझे शब्द मी मागे घेतो. त्या यंत्राच्या टाळ्यांबद्दलचे सोडून.

कलम आठ. माझ्या जावयांना आधीच्या मृत्युपत्रात मी काहीही ठेवले नव्हते, एक ताकीद सोडून. ती अशी होती: "टेपरेकॉर्डर पिपाणीचा असून तिच्या वडिलांनी त्यांच्या घरी तो वाजवण्यास आडकाठी करू नये."

याचे कारण हे की माझी मुलगी गेल्यावर दहाव्या दिवशी जावई पिपाणीला न्यायला आले तेव्हा गाणे चालू होते. ते उंबऱ्यातच थबकले. मुलीकडे पाहिलेही नाही. मला म्हणाले, "बाबा, हे बंद करा. इथं तुमची मर्जी, पण माझ्या घरी हे गाणं लागणार नाही." झाले. मी मनात त्यांच्यावर दगड असा शिक्का मारला. मुळात हे लग्न मला पसंत नव्हते. माझी मुलगी ऑफिसच्या लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, हे गृहस्थ वरच्या फटीतून तासभर तिच्याशी बोलत राहिले, आणि ती बाहेर आली ती यांच्याशी लग्न करायचे ठरवूनच. त्या सुमाराला दुकानादुकानातून हेच गाणे वाजत होते. तिने नवऱ्याला चिडवायला म्हणून ती कॅसेट घेतली. लग्नात ते टाळी चुकीच्या ठोक्यावर देत होते, हे मी तेव्हाच पाहून ठेवले होते. असा कानाचा ढ माणूस, वर बायकोच्या आठवणीला दार बंद करतो! पाच वर्षे मी त्यांच्याशी हवा आणि लिफ्ट या दोनच विषयांवर बोललो. त्यांनीही तिसरा काढला नाही.

आणि माझी काळजी हीच होती की मी गेल्यावर पोर त्या मुक्या घरात जाईल, तिला पुन्हा एक माणूस गेल्याचे सोसायचे असेल, आणि तिथे तिच्या आईचा आवाज लावायची सोय नसेल. तो स्क्रू आपोआप हलतो. दर दोनतीन महिन्यांनी यंत्र सुधारू लागते, म्हणजे भराभर चालू लागते, आणि ते पुन्हा बिघडवावे लागते. हे काम मला येते. माझ्यानंतर ते कोण करणार?

आता गेला शनिवार. पिपाणी मैत्रिणीच्या वाढदिवसाहून आली ती मोबाइल नाचवतच.

"आजोबा, आपलं गाणं मिळालं! कोणीतरी जुनं रेकॉर्डिंगच साफ करून नेटवर टाकलंय. ऐका ना, खरं गाणं केवढं फास्ट आहे! आपलं म्हणजे अगदी गोगलगाय होतं."

तिने लावले. ती नाचली, छान नाचली. गाणे थांबले तिथे हसून स्वतःच स्वतःचे नाक दाबले आणि पुढे निघाली. मग स्वयंपाकघरातल्या फळीकडे बोट दाखवून म्हणाली, "ते यंत्र माळ्यावर टाकू या का? जागा अडते."

मी म्हणालो, टाकू या. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. पोर बरी झाली होती. यासाठीच सगळा खटाटोप होता, आणि मला ते जराही आवडले नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. जावई न्यायला आले. पिपाणी बूट घालत होती आणि मोबाइलवर तेच गाणे मोठ्याने लावले होते. मी वाट पाहत उभा राहिलो, की आता हे म्हणतील, बंद कर. ते म्हणाले, "हे ते नाही."

"तेच आहे," मी म्हणालो.

"नाही बाबा. हे भराभर चाललंय. आणि ही बाई कोणी वेगळीच आहे. तुमच्याकडे लागायचं त्यात..." त्यांनी पिपाणीकडे पाहिले. ती जिना उतरूही लागली होती. "त्यात आवाज हिच्या आईचा होता."

मी विचारले, "तुम्हाला कधी कळलं?"

"कधी म्हणजे? त्याच दिवशी, दारातच. म्हणून तर म्हटलं, बंद करा. घरी ऐकलं असतं तर मी उठलो नसतो." मग चपलेच्या टोकाने फरशी खरवडत म्हणाले, "ते जुनं आहे का अजून? की टाकलंत?"

खालून पिपाणी ओरडत होती, "बाबा, चला ना!" ते गेले. उत्तर इथे देतो.

टेपरेकॉर्डर, आतल्या कॅसेटसह, माझ्या जावयांना. त्यांना, ज्यांचे कान मी ढ ठरवले आणि ज्यांना पहिल्याच ओळीत ऐकू आले. आधीच्या मृत्युपत्रातली ताकीद आणि त्यांच्यावरचा शिक्का, दोन्ही रद्द. वकीलबाई म्हणतात की मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते. बाकीची कलमे खुशाल तेव्हा लागू होवोत. हे कलम येत्या रविवारी सकाळी नऊपासून लागू आहे. जावयांनी नेहमीपेक्षा तासभर आधी यावे. पिपाणी मैत्रिणीकडे जाणार आहे. स्क्रू कुठे आहे ते मी दाखवीन, पेचकस त्यांच्या हातात देईन, पण किती फिरवायचे ते सांगणार नाही. फिरवता फिरवता "आता" त्यांनीच म्हणायचे आहे. मी शेजारी बसेन. एकट्याने ऐकणे मलाही जमत नाही.

सही: (मृत्युपत्र करणारा)

ठिकाण: स्वयंपाकघर. दिनांक: सोमवार, महिन्याची सोळा तारीख, दुपारी साडेतीन.

साक्षीदार एक: दाताचे डॉक्टर, तळमजला. गालिचा माझ्या नावे असल्याने साक्ष चालणार नाही असे वकीलबाईंनी सांगितले, म्हणून मी गालिच्यावरचा हक्क सोडला आहे. यांनी माझ्यासमोर सही केली. दातांपलीकडचे प्रमाणपत्र मला देता येत नाही, तरी माणूस शुद्धीवर आहे.

साक्षीदार दोन: डॉक्टरांची असिस्टंट. वरीलप्रमाणे. शेवटचं कलम त्यांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना दोनदा थांबले आणि म्हणाले, हे लिहायचं नाही. मी लिहिलं आहे.